चाचणी प्रलंबित

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने अण्णांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. अण्णांनी शाल खांद्यावर घेतली, श्रीफळ पिशवीत टाकलं आणि घड्याळ उलटं करून हमीपत्र कुठे आहे ते विचारलं. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. अण्णा थट्टा करत नाहीत. सगळी नोकरी त्यांनी खरेदी शाखेत काढली. सतरंजीपासून जनरेटरपर्यंत कुठलीही वस्तू तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय त्यांनी कचेरीची पायरी चढू दिली नाही. आपल्याच निरोपाच्या घड्याळाचे तीन दर कुणी मागवले होते की नव्हते, ही शंका त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

अशी माणसं गावोगाव असतात. कुकर घ्यायचा तर वरसंशोधन करावं तशी चौकशी करतात. वस्तू घरात आली की यांचा उत्साह मावळतो. ती येईपर्यंतचे दिवस मात्र सणाचे. अण्णांच्या घरात मीठ संपत आलं तरी टिपणी चालते : शिल्लक दोन दिवसांची, सबब मागणी. वहिनी तोवर आमच्याकडून वाटीभर मीठ नेऊन आमटी उकळून मोकळ्या झालेल्या असतात. या माउलीने सगळा संसार तातडीच्या खरेदीच्या कलमाखाली केला.

तर अशा माणसाला घरच्या बागेसाठी कंपोस्टचा डबा घ्यायचा होता. तोही साधासुधा नव्हे, घूस शिरणार नाही असा.

बाग म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत कंपाउंडच्या आत जेवढी पट्टी उरते तेवढीच. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, एक शेवगा आणि कोपऱ्यात कडुनिंब. डाळिंब तर हवंच, कारण केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असताना आपल्या दारात डाळिंब नसणं अण्णांना बेजबाबदारपणाचं वाटतं. माती अस्सल काळी. पावसाळ्यात चपलेला बिलगून घरात येते, उन्हाळ्यात भेगाळते. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो की मायनसमध्ये गेलेलं असो, आमच्या नळाची आठवण त्याला चार-पाच दिवसांनीच येते. अशा जमिनीत ओल धरून ठेवायची तर कुजलेलं खत हवं, हा अण्णांचा मुद्दा बिनतोड होता. शिवाय २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं होतं. घंटागाडी आली की अण्णा त्या नियमांची प्रत घेऊनच फाटकाशी उभे राहतात. गाडीवरचा पोरगा लांबूनच ओरडतो, "वाचलंय ओ अण्णा, डबा द्या!"

पहिल्यांदा त्यांनी खड्डाच केला होता. खड्ड्यामागे अभ्यास होता. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला राहून शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करायची रीत बसवली, तीच जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्डच्या जोडीने यशवंत वाड यांचं नाव आहे. अण्णा हॉवर्डचं नाव एकदा घेतात आणि वाडांचं तीनदा. साली, देठं, पालापाचोळा, शेणकाला, असे थर त्यांनी पट्टी लावून रचले. चौथ्या दिवशी सकाळी खड्ड्याच्या जागी ढिगारा होता आणि ढिगाऱ्यापासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत बोगदा. मोगरा आडवा पडलेला. वहिनींनी टाकून दिलेला भाताचा गोळा तेवढा कुठे दिसत नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याने विष आणलं असतं. अण्णांनी फाइल उघडली. वर बारीक अक्षरात लिहिलं : विषय, घुशीपासून सुरक्षित कंपोस्ट पात्र खरेदी करणेबाबत.

तपशीलपत्र लिहायचं तर प्रतिपक्षाची माहिती पाहिजे, म्हणून महिनाभर त्यांनी घुशीचा अभ्यास केला. या प्राण्याबद्दल त्यांच्या मनात उत्तरोत्तर आदर वाढत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी कट्ट्यावर आले की घुशीचंच. काळा उंदीर चढणारा, घूस खणणारी. म्हणजे झाकण कितीही भक्कम असलं तरी तळ उघडा असेल तर पैसे पाण्यात. शेतातल्या घुशी बिळात धान्याच्या कोठ्या करतात. यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा त्यांचा छंद नसून नाइलाज आहे. साध्या छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बारा-तेरा. आणि अण्णांना सगळ्यांत भावलेली गोष्ट ही की उंदरांची जात नव्या वस्तूच्या वाऱ्याला सहसा लगेच उभी राहत नाही. काही दिवस लांबून पाहणी, मग वास, मग जपून एक घास.

"बघा," अण्णा म्हणाले, "हिला म्हणतात खरेदीची शिस्त."

"मग तिलाच घ्यायचं होतं तुमच्या शाखेत," वहिनी आतून म्हणाल्या.

सहा मिलिमीटर म्हणजे शिसपेन्सिलीपेक्षा जरा बारीक. तेव्हापासून अण्णा कानावर पेन्सिल ठेवून मंगळवार पेठेत हिंडू लागले. दुकानदाराने डबा पुढे ठेवला की अण्णा भाव विचारायच्या आधी प्रत्येक भोकात पेन्सिल घालून बघत. ती आरपार गेली की डबा बाद. एका दुकानातल्या पोराने शेवटी काकुळतीला येऊन विचारलं, "आजोबा, पेन्सिली ठेवायला पाहिजे का डबा?"

आता एकेक पर्याय फाइलवर कसा आला आणि कसा गेला, हे सांगायला हवं, कारण खरी मौज तिथेच आहे.

नाडेप टाकीवर अण्णांचा जीव होता. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही टाकी : दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांची, आणि हवा खेळावी म्हणून भिंतीत ठिकठिकाणी विटेएवढ्या खिडक्या सोडलेल्या. तीन-चार महिन्यांत उत्तम खत. माणूस मराठी, काम देशभर गेलेलं, खर्च थोडका. पण खिडक्या बघून अण्णा गंभीर झाले. घुशीला तिथे पेन्सिलीची भानगड नव्हती, सहकुटुंब जाता आलं असतं. दुसरी अडचण आकाराची. एका टाकीला चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा लागतो आणि नवरा-बायकोच्या घरात रोजचा ओला कचरा फार तर किलोभर. अण्णांनी हिशेब केला, टाकी भरायला चार वर्षं. "तोवर ती घूस स्वतःच टाकीचं उद्घाटन करील," असा शेरा वहिनींनी मारला, आणि विशेष म्हणजे अण्णांनी तो फाइलवर नोंदवून घेतला.

गांडूळखताचा प्रस्ताव मी मांडला होता. खताच्या गांडुळांना पस्तीस अंशांच्या वर जगणं अवघड होतं, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकल्याशिवाय राहत नाही. कूलर लावायचा का, असं अण्णांनी मला लेखी विचारलं. शिवाय मुंग्या. मुंग्या चढू नयेत म्हणून गांडुळांच्या पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे लागतात. "नळाला पाणी नाही आणि गांडुळाच्या पायाला पाणी?" वहिनींच्या या प्रश्नावर प्रस्ताव निकाली निघाला.

मुलगा पुण्याला असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने महिन्यातून एकदा येतो आणि येताना एखादा आधुनिक विचार घेऊन येतो. त्याने विजेवर चालणारं यंत्र सुचवलं : रात्री कचरा टाका, सकाळी कोरडा भुगा. "बाबा, मी ऑर्डर करतो, परवा येईल." परवा येईल या शब्दांनी अण्णांच्या कपाळावर आठी पडली. एकच पुरवठादार, एकच दर, आणि तो भुगा म्हणजे नुसता वाळवून दळलेला कचरा, पुरतं कुजलेलं खत नव्हे. हा शेवटचा मुद्दा त्यांचा अगदी खरा होता. पोरगा परतीच्या गाडीत बसेपर्यंत अण्णांनी त्याला एकल निविदेचे धोके समजावून सांगितले.

जपानी बोकाशीची बादली बराच काळ पहिल्या क्रमांकावर होती. घट्ट झाकणाची, वास बाहेर न जाणारी. कचऱ्यावर सूक्ष्मजीव मिसळलेला कोंडा भुरभुरायचा, दाबायचा, दोन आठवडे बंद ठेवायचं. हवा नसल्यामुळे त्यात कचरा कुजत नाही, आंबतो. वहिनींनी एका वाक्यात सांगितलं, "म्हणजे सालींचं लोणचंच की." अण्णा खूश. पण पुढचं पान उलटलं तर दोन आठवड्यांनी ते लोणचं मातीत पुरावं लागतं असं लिहिलेलं. मातीत! म्हणजे पुन्हा घुशीच्या हद्दीत, आणि तेही मुरवून.

बंगळुरूकडे भाजक्या मातीच्या तीन माठांची उतरंड करतात. वरच्या दोनांत पाळीपाळीने कचरा, खालच्यात तयार खत. घामेजणारी माती असल्यामुळे उन्हाळ्यातही आतलं खत फार तापत नाही आणि भाजलेल्या मडक्यावर दात चालवायला उंदीरही कचरतो. मला विचाराल तर आमच्या हवेला तेच सगळ्यांत बरं होतं. पण झाकण नुसतं वर ठेवलेलं. मांजराने पाडलं तर? अण्णांनी झाकणावर ठेवायच्या दगडाचं किमान वजन काढायला घेतलं आणि गड्डा आला.

सोलापुरात जानेवारी लागला की कुठलंही काम गड्ड्यानंतर. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे. तेव्हा अण्णांनीही फाइल बांधून ठेवली. असे किती गड्डे गेले ते मी मोजलेलं नाही. एवढं आठवतं की फाइल उघडली तेव्हा सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद गावात चालूच होता. जून २०२३ मध्ये ती चिमणी विमानतळासाठी पाडली, २०२५ मध्ये होटगी रोडवरून गोव्याला विमान उडालं, आणि अण्णांचा तांत्रिक लिफाफा तोवर उघडायचा होता.

शेवटी बाजारातला एकही डबा तपशीलपत्रात बसेना. मग अण्णांनी ठरवलं, बनवून घ्यायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशनवाला गाठला. मिस्त्री यंत्रमागांचे सुटे भाग आणि टॉवेल कारखान्यांच्या ट्रॉल्या करणारा. तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी या चारही भाषांत भाव वाढवू शकणारा. अण्णांनी त्याच्यापुढे सोळा कलमांचं पत्रक ठेवलं.

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, आडवं, दोन दुपायी खांबांच्या मधे आसावर फिरणारं. ते खाद्यतेलाचं असावं, रसायनाचं चालणार नाही. जमिनीपासून अडीच फूट उंच. हवेसाठी पाच मिलिमीटरची भोकं, ड्रिलने पाडलेली आणि कडा आतून घासलेल्या. कोंबड्यांची जाळी लावायची नाही, ती मोठ्या भोकांची आणि मऊ. दाराला दोन कड्या, फट शून्य. आणि चारही पायांवर पत्र्याच्या पसरट टोप्या, उलट्या ठेवलेल्या. जहाज धक्क्याला बांधतात तेव्हा दोरखंडावरून उंदीर चढू नयेत म्हणून अशाच चकत्या लावतात, हे अण्णांनी कुठेतरी वाचलं होतं.

मिस्त्रीने पत्रक वाचलं. चष्मा काढला. "अण्णा, ह्याच्यात कचरा ठेवणार का सोनं?"

"कलम चौदा वाचलं का?" अण्णा म्हणाले.

मिस्त्रीने वाचलं नव्हतं. यंत्रमागांच्या धंद्यात चौदाव्या कलमापर्यंत कुणी जात नाही. त्याने साडेसात हजार सांगितले, अण्णांनी इतर दोघांचे दर दाखवले, तासाभराने पुन्हा साडेसात हजारच ठरले आणि दोघांनी चहा घेतला.

पिंप आलं. कडुनिंबाच्या सावलीत बसलं, कारण उन्हात लोखंड तापलं तर आत खत होण्याऐवजी भाजी व्हायची. अण्णांनी सूत्र बसवलं : एक भाग ओला, दोन भाग सुका. सुक्यासाठी रसवंतीवरून उसाची वाळलेली चिपाडं आणि गवळ्याकडून कडब्याची कुट्टी. शिवाय शेंगांची टरफलं, ज्यांना सोलापुरात तोटा नाही. घरोघरी चटणी कुटायची म्हणजे टरफलांची पोती. टिळकांनी शाळेत टरफलं उचलायला नकार दिला होता, अण्णा अख्ख्या कॉलनीतली टरफलं उचलून आणतात. यंत्रमागाच्या कारखान्यातला सुताचा कचरा फुकट मिळत होता, पण रंगवलेला म्हणून नाकारला. रोज संध्याकाळी पिंपाला पाच गिरक्या. आत तापमापक घालून अण्णा वहीत आकडा लिहीत. पंचावन्न अंशांवर काटा गेला त्या दिवशी आम्हाला पेढे मिळाले.

आणि खत झालं, हे कबूल करायला हवं. काळं, भुसभुशीत, कसलाही घाण वास नसलेलं. मोगऱ्याने त्या उन्हाळ्यात हात राखला नाही. आता हे यश पिंपाचं की वहिनींचं, यावर मतभेद आहेत. वहिनींनी पहिल्या दिवसापासून भात, पोळी, तेलकट काहीही पिंपात जाऊ दिलं नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, उरलेला भात फोडणीला जातो. पिंपात नुसत्या साली आणि देठं. कोणती घूस चार टोप्या ओलांडून दुधीची साल खायला येणार?

अण्णांचं दुःख इथून सुरू झालं. घूस येईना.

कलम चौदा असं होतं : एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे रुपये साडेसातशे, घुशीने प्रत्यक्ष प्रयत्न करून ती अयशस्वी ठरल्यानंतरच अदा करण्यात येतील. मिस्त्री पहिल्या महिन्यात आला तेव्हा अण्णा म्हणाले, चाचणी प्रलंबित आहे. दुसऱ्या महिन्यातही तेच. "अण्णा, घूस येत नाही म्हणजे डबा चांगला आहे ना?" मिस्त्रीने विचारलं. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं की जो पूल पाडायला कुणी आलंच नाही तो मजबूत आहे असं म्हणता येत नाही. मला त्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण मिस्त्री निरुत्तर झाला.

घूस रात्री येऊन जात असेल तर? पुरावा हवा. अण्णांनी पिंपाभोवती रांगोळीचा पट्टा पसरला, म्हणजे पावलं उमटतील. उमटली : मांजर, कावळा, चिचुंद्री आणि पेपरवाल्याची चप्पल. चिचुंद्री हा उंदीर नव्हेच, ती झुरळं-किडे खाणारी, त्यामुळे तिला चाचणीतून वगळण्यात आलं. नेमकी त्या दिवशी अमावस्या होती, आणि वहिनींच्या हातून पिंपात जाताना एक पिळलेलं लिंबू त्या रांगोळीवर पडलं. काळं पिंप, पांढरं वर्तुळ, मधे लिंबू. दूधवाला फाटकातून परत गेला तो आठवडाभर आला नाही. समोरच्या काकूंनी मुलांना आमच्या बाजूने शाळेत जायची मनाई केली. अण्णांनी त्यांना फाइल दाखवून खुलासा केला, त्यामुळे काकूंचा संशय दुप्पट झाला.

मग आमिष. अण्णांनी कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगाचटणी, असं पिंपाच्या दारावर ठेवलं. सकाळी मुंग्यांची रांग कंपाउंडपर्यंत गेली होती. खलबत्त्यात कुटलेली चटणी उंदराला घातली म्हणून वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. आणि घूस? ती दोन घरं पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये राहायला गेली होती. तिथे लोक रात्री गाडीतून उतरून पिशव्या फेकतात. भात, हाडं, लग्नातलं उरलेलं. ना झाकण, ना टोप्या, ना कलमं. अण्णा संध्याकाळी त्या प्लॉटच्या कडेला उभे राहून आत बघत असत. मी एकदा विचारलं, काय बघताय? म्हणाले, "एवढं करून ठेवलंय तिच्यासाठी."

गेल्या रविवारी सकाळी मिस्त्री स्कूटरवरून आला. पायाशी कापड झाकलेला पिंजरा. त्याने तो पिंपाच्या शेजारी ठेवला आणि कापड उचललं. आत उंदीर, चांगला टणक, मिशा हलवत बसलेला.

"वर्कशॉपमध्ये सापडला," मिस्त्री म्हणाला. "सोडू का डब्यावर? तुमच्यासमोर होऊन जाऊ द्या चाचणी. आपले साडेसातशे देऊन टाका."

अण्णांनी चष्मा बदलला. खाली उकिडवे बसले. पिंजऱ्याच्या चारी बाजूंनी पाहिलं, शेपटीची लांबी नजरेने मोजली, पत्रकातलं कलम काढून वाचलं आणि मान हलवली.

"हा काळा उंदीर आहे. कलमात घूस म्हटलंय."

मिस्त्रीने आधी अण्णांकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. कुणीच मदतीला येईना. "लहान आहे ओ अण्णा," तो शेवटी म्हणाला. "खाऊन-पिऊन मोठा झाला की घूस होईल."

"तसं असेल तर मुदतवाढीचा अर्ज द्या," अण्णा म्हणाले. "दोन प्रतींत. आणि हा नमुना इथेच ठेवून जा, मी पोच देतो."